सुराला व्होल्टेज कुठून द्यायचं?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत रूम पार्टनरच्या घरी, हेमलकशाजवळ गेलो होतो. पार्टनरचं शिक्षण तिथल्याच लोकबिरादरी प्रकल्पाच्या आश्रमशाळेत झालं. बॅगेत कपडे कमी आणि मी होस्टेलवर जोडलेला सिंथेसायझर जास्त, अशी अवस्था! पार्टनरची आत्या रेला गाणी फार छान म्हणते. तिच्या एका गाण्याची चाल मशीनवर वाजवून दाखवायची, असं मी ठरवलं होतं. वाजवली. आत्या हसली आणि माडियात काहीतरी म्हणाली. पार्टनरने मराठीत सांगितलं, "ती म्हणते, हे पायऱ्या चढतंय. गाणं असं चढत नाही."

तिथून पुढचे चार दिवस मी एकाच प्रश्नामागे होतो. चूक ऑसिलेटरची नव्हतीच. चूक होती त्याला व्होल्टेज देणाऱ्या भागाची.

आधी थोडी थिअरी. मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये प्रत्येक काम वेगळ्या डब्यात असतं आणि डबे वायरने जोडायचे असतात. सूर किती उंच हे ठरवतं ते कंट्रोल व्होल्टेज, म्हणजे सीव्ही. सर्वात रूढ नियम असा की 1 व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो. सप्तकात 12 सेमीटोन, म्हणून एक सेमीटोन म्हणजे सुमारे 83 मिलिव्होल्ट. एका सेमीटोनचे पुन्हा 100 सेंट. हे आकडे लक्षात ठेवा, पुढचं सगळं गणित त्यावरच आहे.

कीबोर्ड
अमेरिकेत 1964 च्या सुमारास रॉबर्ट मूग यांनी पियानोसारख्या पट्ट्यांमधून सीव्ही काढलं. माझा कीबोर्डही तसाच, म्हणजे सारख्या रेझिस्टरची माळ आणि त्यातून स्थिर करंट. फायदा असा की सूर दर वेळी नेमका तोच लागतो. तोटाही तोच! दोन पट्ट्यांच्या मधलं व्होल्टेज मिळतच नाही. कपॅसिटर लावून सूर घसरवता येतो, पण तो घसरून पोचतो त्या 12 पैकीच एका ठिकाणी. आत्याचे दोन सूर पट्ट्यांच्या मधे पडत होते. त्याच काळात डॉन बुकला यांनी आपल्या सिंथेसायझरला पियानोच्या पट्ट्या न देता स्पर्शाच्या पट्ट्या दिल्या होत्या. त्यामागचं कारण मला त्या दिवशी पटलं.

आर्डुइनोचा पीडब्ल्यूएम
आपल्यापैकी बहुतेकजण हेच करतील, कारण फुकटात होतं. पण 5 व्होल्टचे 8 बिटमध्ये 256 भाग केले, तर एक पायरी सुमारे 19.5 मिलिव्होल्टची, म्हणजे 23 सेंटची होते. आपल्या शास्त्रीय संगीतात सर्वात लहान श्रुती धरतात ती साधारण 22 सेंटची. म्हणजे मींड घ्यायला जावं तर प्रत्येक श्रुतीवर ठेच लागणार. शिवाय फिल्टर कमी लावला तर सूर गुरगुरतो आणि जास्त लावला तर आळसावतो.

स्लायडर
साधा सरकता पोटेन्शिओमीटर. पायऱ्या नाहीत, सूर हवा तिथे थांबतो. पण घाईत मी स्लायडर आणि छोटा स्पीकर अँप्लिफायर एकाच चार पेन्सिल सेलवर जोडले. रात्री सेल उतरून 6 चे साडेपाच व्होल्ट झाले. मधोमध ठेवलेल्या स्लायडरवर 3 ऐवजी 2.75 व्होल्ट, म्हणजे सूर बरोबर तीन सेमीटोन खाली! आवाज मोठा झाला की सूर डुगडुगायचा तो वेगळाच. उपाय फक्त एका टीएल 431 चा होता. सेल उतरले तरी तो 2.5 व्होल्ट धरून ठेवतो.

दुसरी अडचण हाताची. 60 मिलिमीटरच्या स्लायडरवर अडीच सप्तकं पसरली, की 1 मिलिमीटर म्हणजे अर्धा सेमीटोन. इतका स्थिर हात कुणाचा असतो? मी रेंज 1 व्होल्टवर आणली, तेव्हा 1 मिलिमीटरला 20 सेंट झाले आणि सूर हातात आला. आत्याने स्वतः सरकवून पाहिलं. तिसऱ्या प्रयत्नात ओळ जुळली. पण परत तशीच वाजवा म्हटलं तर जमेना.

12 बिटचा डॅक
पुन्हा तेच वाजवायचं असेल तर आकडे साठवून डॅकमधून काढावे लागतात. बाजारात सहज मिळणारा एमसीपी 4725 हा 12 बिटचा आहे, पण तो सप्लायलाच रेफरन्स मानतो. म्हणजे सेल उतरले की रडगाणं तेच. एमसीपी 4822 मध्ये स्वतःचा रेफरन्स आहे. त्याची पायरी 1 मिलिव्होल्टची, जेमतेम सव्वा सेंट. कानाला ती पायरी वाटत नाही.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. 1969 मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या एनआयडीत मूग मॉड्युलर बसवला आणि तिथे भारतीय संगीतकारांनी त्यावर काम केलं. 1982 मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलंडचा टीबी 303 वापरून रागांची रेकॉर्ड काढली. 303 चा सिक्वेन्सरही 12 सुरांचाच, पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय होती.

तर मित्रांनो, सीव्हीचा स्रोत निवडताना किंमत नंतर बघा. आधी तीन प्रश्न विचारा. पायरी केवढी? सप्लाय हलला तर सूर हलतो का? आणि वाजवलेलं परत तसंच वाजेल का? ठरलेले सूर वाजवायचे तर कीबोर्ड उत्तम. गळ्यातलं गाणं हवं तर स्लायडर आणि चांगला रेफरन्स. दोन्ही हवं तर स्वतःचा रेफरन्स असलेला 12 बिटचा डॅक.

स्लायडर आणि डॅक जोडलेलं नवं सर्किट सध्या रूमवर ब्रेडबोर्डवर आहे. या दिवाळीला परत हेमलकशाला जाणार आहे. सर्किट पास की नापास, ते आत्याच सांगेल.