तुर्भ्याच्या धक्क्यावरची मोजणी

ट्रॉम्बेचे मराठी नाव तुर्भे. खाडीपलीकडे नवी मुंबईतही एक तुर्भे आहे, त्यामुळे पत्ता सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. या दोन तुर्भ्यांमधल्या चिखलावर थंडीत हजारो रोहित पक्षी उतरतात आणि ते पाहायला लोक लांबून येतात. पण तोवर पक्ष्यांच्या येण्याचा खरा हंगाम निम्मा उरकलेला असतो. आपला शरद आश्विनात सुरू होतो; उत्तर ध्रुवाकडचे पक्षी मात्र जुलैतच परत फिरतात. कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेची तयारी चालू असते, तेव्हाच लडाख-तिबेटकडचे चिखल्ये आणि सैबेरियातल्या तुताऱ्या धक्क्यासमोर दिसू लागतात. सगळे लहान, मातकट, आणि एकमेकांसारखे.

मी पक्षिशास्त्र शिकलेलो नाही. नोकरी सांभाळून, सेकंडहँड दुर्बीण आणि सलीम अली यांची पुस्तके एवढ्यावर सुरुवात केली. पहिली काही वर्षे मी रविवारी सवडीने नऊ-दहा वाजता धक्क्यावर जात असे आणि बहुतेक वेळा नुसता चिखल पाहून परतत असे. एकदा जाळे विणत बसलेल्या एका कोळी आजोबांनी विचारले, "तिथी बघून येतोस का रे?" मग त्यांनी त्यांचा हिशेब सांगितला. तिथीला पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडे पुढेमागे होते, पण चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटे उशिरा येतो आणि भरतीही त्याच्याबरोबर सरकते, म्हणून हिशेब जुळतो. मुंबईच्या खाड्यांत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढते. ओहोटीला पक्षी इतके लांब जातात की दुर्बिणीतही ठिपकेच दिसतात. भरती चढू लागली की चिखल आखडत जातो आणि पक्षी पावलापावलाने आपल्याकडे सरकतात. म्हणून भरतीआधीचे दोन-तीन तास खरे. पौर्णिमा-अमावास्येला ते सकाळीच मिळतात; अष्टमीला दुपारनंतर जावे लागते.

वेळ साधायला शिकलो तरी नोंदी मी चुकीच्याच करत होतो. जुन्या वह्यांत पानोपानी "तुतारी – पुष्कळ", "तुतारी – दोनशेच्या वर" असे लिहिलेले आहे. यातली एक तुतारी अशी, जिची चोच टोकाशी खाली वळलेली असते आणि उडताना शेपटीच्या वरचा भाग पांढरा दिसतो. मी तिला बाकचोच तुतारी म्हणतो. ती सैबेरियाच्या उत्तर टोकाला, तैमिर द्वीपकल्पाच्या आसपास घरटी करते. नर अंडी उबवत नाहीत, ते सर्वांत आधी निघतात. मागून माद्या, आणि त्यानंतर त्या वर्षीची पिल्ले, वाट दाखवायला कोणी मोठे बरोबर नसताना. श्रावणात येणाऱ्या प्रौढांच्या पोटावर विणीच्या विटकरी रंगाचे डाग शिल्लक असतात. भाद्रपदात येणाऱ्या कोवळ्या पक्ष्यांच्या पाठीवर फिकट कडांची खवल्यांसारखी नक्षी असते.

हा फरक का पाहायचा, ते मला फार उशिरा कळले. त्या प्रदेशात लेमिंग नावाचा उंदरासारखा प्राणी आहे. तीन-चार वर्षांच्या फेऱ्यात तो प्रचंड वाढतो आणि मग एकदम घटतो. तो मुबलक असेल तर ध्रुवीय कोल्हे त्यावरच पोट भरतात. तो घटला की कोल्हे तुताऱ्यांच्या अंड्यापिल्लांकडे वळतात, आणि त्या शरदात दक्षिणेकडे कोवळे पक्षी जेमतेम पोहोचतात. युरोप आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर वर्षानुवर्षे प्रौढ आणि कोवळे वेगळे मोजल्यामुळे हा संबंध लक्षात आला. म्हणजे तैमिरमधल्या उंदरांचे साल कसे गेले, याचा अंदाज तुर्भ्याच्या धक्क्यावरूनही बांधता येतो. अट एकच, वय लिहायला हवे. माझ्या वह्यांत ते नाही. इतकी वर्षे रविवार मोडून केलेल्या त्या नोंदी या कामी आता वापरता येत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या तुतारीला 'असुरक्षित' ठरवले, तेव्हा तर त्या वह्या पुन्हा उघडाव्याशा वाटल्या नाहीत.

आता मी संख्येच्या मागे लागत नाही. पाणी चढताना जवळ आलेल्या थव्यातले शंभर पक्षी एकेक करून तपासतो आणि दोन रकाने भरतो: प्रौढ, कोवळे. कळले नाही तर तिसऱ्या रकान्यात प्रश्नचिन्ह. तो रकाना प्रामाणिकपणे भरणे सर्वांत कठीण जाते. दसऱ्यानंतर कोवळ्यांची खवलेदार पिसे बदलू लागतात, मग दुरून निवाडा करणे धोक्याचे.

एक अडचण मात्र माझ्या हातातली नाही. खाडीत गाळ साचून चिखल उंचावतो आहे आणि त्यावर तिवरे पुढे सरकत आहेत. तिवरांविरुद्ध बोलणे आजकाल पाप समजले जाते, आणि किनाऱ्याला ती हवीतच. पण तुतारीला उघडा, मऊ चिखल लागतो. त्यात चोच खुपसून ती अळ्या-किडे शोधते, आणि ससाणा लांबून दिसावा म्हणून झाडीपासून दूर राहते. २०१५ साली जाहीर झालेले ठाणे खाडी रोहित अभयारण्य वाशी पुलाच्या उत्तरेला आहे. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जाही मिळाला. आमचा धक्का पुलाच्या दक्षिणेला. पूर्वी धक्क्यावरून पक्ष्यांच्या पायांचा रंग दिसायचा, तिथे आज तिवरांची रोपे गुडघाभर आहेत. मोजायला मला आता धक्क्याच्या अगदी टोकाला, होड्या बांधतात तिथे उभे राहावे लागते.