मोबाईलमधला व्हिडिओ कोर्टात चालतो का? फोन विकण्याआधी हे वाचा

बांधावरून भांडण होतं, कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करतं आणि ते गावच्या ग्रुपवर पडतं. ‘आता पुरावा आहे आपल्याकडं’ म्हणून मंडळी निवांत होतात. केस बोर्डावर यायला मात्र वर्ष-दोन वर्षं जातात. तोवर शूटिंग करणाऱ्यानं फोन विकलेला असतो. हातात उरतो तो फक्त फॉरवर्ड झालेला व्हिडिओ. अशा व्हिडिओवर समोरचा वकील पहिली हरकत घेतो.

कायदा काय सांगतो?

१८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला आहे. मोबाईल, पेनड्राइव्ह, सीसीटीव्ही यांतला पुरावा कसा द्यायचा हे त्याच्या कलम ६३ मध्ये आहे. जुन्या कायद्यात हेच कलम ६५ब होतं. बार परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनीही ही जोडी पाठ ठेवावी.

व्हिडिओची कॉपी कोर्टात द्यायची तर सोबत सर्टिफिकेट लागतं. त्याचे दोन भाग असतात. भाग अ पुरावा देणाऱ्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. त्यात फाईलची ‘हॅश व्हॅल्यू’ लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठाच समजा. व्हिडिओत जरा जरी बदल झाला तरी हा आकडा बदलतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ सहसा दाबून लहान केला जातो, त्यामुळं ती मूळ फाईल राहत नाही.

जालन्याची केस

२०१४ च्या विधानसभेला जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज मुदत संपल्यावर भरला गेला, असं म्हणत कैलास गोरंट्याल हायकोर्टात गेले. निवडणूक कार्यालयातल्या शूटिंगच्या सीडी पुराव्यात आल्या, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी सर्टिफिकेट दिलं नाही.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १४ जुलै २०२० च्या निकालात कोर्टानं सांगितलं, की फोनचा मालक स्वतः साक्षीला उभा राहून मूळ फोन दाखवत असेल तर सर्टिफिकेटची गरज नाही. कॉपी द्यायची असेल तर ते लागणारच. मागूनही कुणी देत नसेल तर कोर्टाकडं अर्ज करून ते मागवता येतं. निकाल जुन्या कलमावरचा असला तरी नव्या कलमाचा गाभा तोच आहे.

मग करायचं काय?

- ज्या फोनमध्ये शूटिंग झालं तो विकू नका, फॉरमॅट मारू नका.
- व्हिडिओ कापू नका, त्यावर नाव किंवा गाणं टाकू नका.
- कॉपी केबल लावून पेनड्राइव्हवर घ्या, तरी मूळ फाईल फोनमध्येच ठेवा.
- शूटिंग कुणी, कुठं, किती वाजता केलं हे तक्रारीत लिहा.
- पोलिसांनी फोन जप्त केला तर पंचनाम्यात मॉडेल आणि आयएमईआय नंबर आलाय का बघा.
- सीसीटीव्हीचं जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. दुकानदाराला किंवा ग्रामपंचायतीला लगेच लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

व्हिडिओ असला तरी डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार महत्त्वाचा असतो. ‘गावात असं ऐकलं’ ही साक्ष सहसा चालत नाही. साक्षीदार अमुक इतकेच हवेत असंही नाही. कलम १३९ प्रमाणं एकाचीही साक्ष पुरते, पण ती कोर्टाला पटली पाहिजे.