पहाटेच्या गाडीआधीचा मुक्काम

सध्याच्या वेळापत्रकाप्रमाणे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून मडगावची जनशताब्दी पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी सुटते, त्याच मार्गाची वंदे भारत ५ वाजून २५ मिनिटांनी आणि पुण्याकडची इंद्रायणी ५ वाजून ४० मिनिटांनी. ज्याचे घर माझगावात किंवा परळला आहे, त्याला या वेळांचा धाक वाटण्याचे कारण नाही. परंतु जो नाशिकहून किंवा जळगावहून आदल्या दिवशी मुंबईत येतो, दिवसभर कामे उरकतो आणि ज्याला दुसऱ्या दिवशी कोकणातल्या एखाद्या लग्नघरी वेळेवर हजर व्हायचे असते, त्याच्या साऱ्या प्रवासातला सर्वांत नाजूक टप्पा म्हणजे मुक्कामाच्या खोलीपासून फलाटापर्यंतचे ते अखेरचे पाव मैलाचे अंतर. कोणत्या गाडीने जावे, कोणत्या वर्गाने जावे, खिडकीची जागा मिळेल की नाही, याचा विचार आपण महिना-दोन महिने आधी करतो. मात्र गाडीच्या आदल्या रात्री कोठे उतरावे हा निर्णय संध्याकाळी थकल्या अंगाने, स्टेशनाबाहेर उभे राहून, समोर दिसेल त्या पाटीवर विसंबून घेतो. या निष्काळजीपणाचे मोल मी एकदा मोजलेले आहे, म्हणून या विषयावर चार शब्द सविस्तर लिहावेसे वाटतात.

काही वर्षांपूर्वी आईच्या डोळ्यांची तपासणी मुंबईत करवून तेथूनच तिला कुडाळास मामांकडे पोहोचवायचे होते. जनशताब्दीची तिकिटे हाती होती, आणि स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका लॉजमध्ये खोली मिळाल्याने मी निश्चिंत झालो होतो. खोली स्वच्छ होती, चादरी नुकत्याच धुतलेल्या होत्या, पंखा चांगला होता. संध्याकाळच्या दृष्टीने पाहता तिच्यात उणे काढण्यासारखे काहीच नव्हते. पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी आम्ही सामान घेऊन खाली उतरलो, तेव्हा जिन्याच्या पायथ्याशी असलेल्या सरकत्या जाळीच्या फाटकाला आतून भले मोठे कुलूप लावलेले होते, आणि बाकावर झोपलेल्या पोऱ्याला उठवल्यावर त्याने एवढेच सांगितले, की चावी मॅनेजरकडे असते आणि मॅनेजर सहा वाजता येतात. फोन झाले, शेजारच्या खोल्यांतले लोक जागे झाले, कोणी तरी कोणाला तरी बोलावून आणले; अखेर फाटक उघडले तेव्हा पाच वाजून गेले होते. आईला घेऊन मी फलाटावर पोहोचलो, त्या वेळी गाडीच्या अखेरच्या डब्याचा लाल दिवा दूर जाताना दिसला. पुढे ७ वाजून १० मिनिटांच्या मांडवीच्या जनरल डब्यात, एका भल्या बाईंनी सरकून दिलेल्या चार बोटांच्या जागेवर, नुकतेच डोळ्यांत औषध घातलेली माझी आई कुडाळपर्यंत बसून आली. तिने एका शब्दानेही मला दोष दिला नाही, आणि म्हणूनच तो दोष आजवर माझ्याकडून फिटलेला नाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनाशी पक्की झाली: पहाटेच्या गाडीआधीची खोली संध्याकाळच्या डोळ्यांनी न पाहता पहाटेच्या डोळ्यांनी पाहावी, आणि सारा हिशेब गाडी सुटण्याच्या क्षणापासून मागे मागे मांडत यावा. गाडी ५ वाजून १० मिनिटांनी सुटणार असेल तर ४ वाजून ४० मिनिटांनी फलाटावर असावे. त्यासाठी लॉजचा उंबरठा सव्वाचारला ओलांडावा. त्यासाठी साडेतीनला उठावे. आणि साडेतीनला उठायचे असेल तर दहाला अंथरुणावर पाठ टेकलेली असावी. हा हिशेब कागदावर मांडला म्हणजे खोलीच्या निवडीची खरी प्रमाणे आपोआप पुढे येतात. दूरचित्रवाणी संच, खिडकीतून दिसणारा देखावा, सकाळी आठला मिळणारी फुकट न्याहारी, यांचा आपल्याशी काही संबंध राहत नाही. शांतता, जवळीक आणि उघडे दार या तिहींचाच तेवढा राहतो.

जवळीक म्हणजे कोणाची जवळीक, हे आधी तिकिटावर नीट वाचून ठरवावे, कारण मुंबईत लांबच्या गाड्यांची स्थानके अनेक आहेत आणि त्यांची नावे परस्थ माणसाला सहज चकवतात. मुंबई सेंट्रल हे नावात सेंट्रल असले तरी पश्चिम रेल्वेचे स्थानक आहे. लोकमान्य टिळक टर्मिनसला लोक कुर्ला म्हणत असले तरी लोकलच्या कुर्ला स्थानकापासून ते बरेच दूर, टिळकनगरच्या बाजूला आहे. आणि वांद्रे टर्मिनस व वांद्र्याचे लोकल स्थानकही एकच नव्हेत. कुर्ला स्थानकासमोर खोली घेऊन पहाटे टर्मिनस शोधत निघालेला माणूस जवळ राहूनही दूरच राहिलेला असतो. त्याचप्रमाणे एकाच स्थानकाच्या दोन बाजूही सारख्या नसतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर १८ फलाट आहेत. त्यांपैकी पहिले सात लोकल गाड्यांचे, आणि लांबच्या गाड्या त्यापुढच्या फलाटांवरून सुटतात. १८८७ च्या, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहण महोत्सवी वर्षात तेव्हा तिचे नाव धारण केलेली ती प्रसिद्ध इमारत दादाभाई नौरोजी रस्त्याच्या अंगाला आहे, तर पूर्वेकडचे दार पी. डिमेलो रस्त्यावर उघडते आणि ते शेवटच्या फलाटांना अगदी लागून आहे. म्हणून ज्याच्याजवळ जड ट्रंका आहेत किंवा ज्याच्याबरोबर वृद्ध माणसे आहेत, त्याने बझारगेटातली खोली आणि डिमेलो रस्त्यावरची खोली यांतला भेद आपल्या पायांनी मोजून घ्यावा.

पायांनी मोजून घ्यावा, हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. ‘स्टेशनपासून ५ मिनिटे’ असे पाटीवर लिहिलेले असते. ती पाच मिनिटे रिकाम्या हातांनी, भरदिवसा चालणाऱ्या तरुणाची असतात. आपले सामान घेऊन, आपल्या माणसांच्या चालीने संध्याकाळी एकदा ती वाट चालून पाहावी आणि वाटेत भुयारी मार्ग किंवा पूल असल्यास त्याच्या पायऱ्या ध्यानात ठेवाव्यात. वाहन मिळेल या भरवशावर राहू नये. मुंबईच्या या दक्षिण भागात ऑटोरिक्षांना मुभाच नाही, आणि पहाटे चार वाजता टॅक्सीवाला पाव मैलाच्या भाड्यासाठी तयार होईलच असे नाही. दूरच्या नातलगाकडे उतरून पहिल्या लोकलने येऊ, हा बेतही तपासून पाहण्यासारखा आहे. मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंद असतात, आणि कर्जत-कसाऱ्याकडून निघालेली पहिली लोकल गाडीच्या वेळेआधी बोरीबंदर, म्हणजे हेच टर्मिनस, गाठून देईलच असा भरवसा धरू नये. तथापि याच जागी एक सोपा उपाय पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. जनशताब्दी दादर, ठाणे आणि पनवेल येथेही थांबते. ज्याचे नातलग ठाण्यास आहेत, त्याने गाडीत चढण्याचे स्थानक वेळेवर बदलून घेतले, तर लॉजचा सारा खटाटोपच वाचतो.

मुक्काम अटळच असेल तर पहिली चौकशी स्थानकातच करावी. मोठ्या स्थानकांवर रेल्वेच्या विश्रामखोल्या, म्हणजे रिटायरिंग रूम, आणि सामाईक निवासाच्या डॉर्मिटरी असतात. ज्याचे तिकीट निश्चित झाले आहे किंवा आरएसी आहे, त्याला तिकिटावरील पीएनआर क्रमांकावर त्या घरबसल्या राखून ठेवता येतात, आणि त्यांचा आकार तासांच्या टप्प्यांनी घेतला जातो. खोल्या थोड्या व मागणारे फार, म्हणून तिकिटापाठोपाठ ही तजवीजही करून टाकावी. मुंबई सेंट्रलवर २०२१ मध्ये आणि नंतर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरही एका माणसाला निजता येईल अशा लहान कप्प्यांचे निवास, ज्यांना पॉड म्हणतात, सुरू झाले. एकट्या तरुण प्रवाशाला ते सोयीचे, परंतु गुडघे दुखणाऱ्या वृद्धाने त्यात शिरण्याआधी कप्पा वरचा आहे की खालचा हे विचारून घ्यावे.

बाहेरच्या लॉजमध्ये उतरताना दराआधी वेळेचा हिशेब विचारावा. काही ठिकाणी आल्यापासून २४ तासांचा एक दिवस धरतात, काही ठिकाणी दुपारी १२ ते दुसऱ्या दुपारी १२. रात्री नऊला येऊन पहाटे चारला जाणारा माणूस सात तासांसाठी पूर्ण दिवसाचे भाडे देतो; म्हणून अर्ध्या दिवसाचा आकार आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. ज्यांच्याजवळ परदेशी पासपोर्ट आहे, अशा आपल्याच परदेशस्थ आप्तांसाठी आणखी एक सूचना: परकीय नागरिकाची माहिती २४ तासांच्या आत शासनाला कळवण्याचे बंधन निवासगृहावर असल्याने, ज्या लहान लॉजांनी तशी नोंदणी केलेली नाही ती अशा पाहुण्यांना दारातूनच परत पाठवतात. घरातले वयस्कर काका अमेरिकेहून आले असतील, तर हे आधी फोन करून विचारलेले बरे. आणि जी गाडी रात्री १२ नंतर सुटते, तिच्या तिकिटावरची तारीख दोनदा वाचावी: १२ तारखेच्या ०० वाजून ३० मिनिटांची गाडी पकडायची तर खोली ११ तारखेची लागते, आणि १२ तारखेच्या संध्याकाळी सामान घेऊन येणाऱ्याची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

उतारूला निवारा देणे हा आपल्याकडे केवळ व्यापार मानला जात नव्हता. धर्मशाळा हे पुण्यकृत्य होते आणि सराई ही वाटसरूंची हक्काची जागा. रेल्वे आल्यावर मुंबईत स्थानकांच्या आसपास निवासगृहे वाढली. बोरीबंदरापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर, क्रॉफर्ड मार्केटासमोर असलेले सरदारगृह हे त्यांपैकी महाराष्ट्राच्या स्मृतीत कायम राहिलेले नाव, कारण लोकमान्य टिळक मुंबईच्या मुक्कामात तेथे उतरत असत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी अखेरचा श्वासही तेथेच घेतला. परंतु या विषयात मला अधिक बोलका वाटतो तो १८६७ चा सराईंचा कायदा. त्यात सराई चालवणाऱ्याची जी कर्तव्ये नमूद केली होती, त्यांत इमारत स्वच्छ व दुरुस्त राखणे आणि आकारांची यादी दर्शनी भागी लावणे यांच्याबरोबरच, उतारूंच्या, त्यांच्या जनावरांच्या व वाहनांच्या रक्षणासाठी जरूर तितके पहारेकरी ठेवणे हेही एक होते. ज्या काळात माणसे बैलगाडीने प्रवास करीत, त्या काळच्या कायद्याने एवढे ओळखले होते, की छपराखाली आलेल्या परक्या माणसासाठी रात्री कोणी तरी जागे असले पाहिजे. मी ज्या फाटकाआड अडकलो होतो, तेथे छप्पर होते, दिवा होता, कुलूप होते. जागा माणूस तेवढा नव्हता.

म्हणून खोली पाहण्याआधी मी आता रात्रीच्या माणसाची चौकशी करतो. रात्री गल्ल्यावर कोण असते, फाटकाची चावी कोणाजवळ असते, चार वाजता दार उघडेल का, लिफ्ट रात्री बंद करतात का, या प्रश्नांची उत्तरे जेथे अडखळत मिळतात तेथून नम्रपणे बाहेर पडतो. बिल रात्रीच चुकते करून पावती घेतो आणि अनामत ठेवली असल्यास तीही त्याच वेळी परत मागून घेतो, कारण पहाटे सुट्ट्या पैशांसाठी कोणाला उठवण्याची तसदी दोघांनाही नको असते. गरम पाणी पुष्कळ ठिकाणी सहानंतरच येते. तेव्हा अंघोळ रात्रीच उरकतो. रस्त्याकडची खोली न घेता आतल्या चौकाकडची मागतो. पिण्याचे पाणी आणि आईच्या गोळ्यांपुरती बिस्किटे जवळ ठेवतो. चहा मात्र फलाटावरच्या स्टॉलवर मिळतो, आणि गाडी समोर उभी असताना घेतलेल्या त्या चहाची गोडी वेगळीच असते.

गेल्या वर्षी आईला घेऊन पुन्हा कुडाळास निघालो, तेव्हा डिमेलो रस्त्याच्या बाजूला एका साध्या लॉजमध्ये उतरलो. भिंतींचा रंग उडालेला होता आणि खोलीत दोन खाटा टाकल्यावर चालायला जेमतेम जागा उरत होती. गल्ल्यावर साठीचे एक गृहस्थ चष्मा पुसत बसले होते. मी प्रश्न विचारण्याआधी त्यांनीच आईकडे पाहून विचारले, “मावशी, गाडी कितीची?” आईने जनशताब्दी म्हणताच त्यांनी रजिस्टरमध्ये आमच्या नावासमोर ३.३० असा आकडा लिहिला आणि म्हणाले, “स्वस्थ झोपा. मी जागाच असतो.” त्या रात्री मी घड्याळाचा गजर लावला होता, तरी तो वाजण्यापूर्वीच दारावर दोन हलक्या थापा पडल्या. आम्ही खाली आलो तेव्हा फाटक सताड उघडे होते, बाहेर रस्ता नुकताच झाडलेला होता, आणि ते गृहस्थ आईची पिशवी उचलून पायरीपर्यंत आले. स्टेशनाकडे चालताना आई म्हणाली, “किती दिवसांनी प्रवासात इतकी शांत झोप लागली रे.” त्या रंग उडालेल्या खोलीचे भाडे मी रात्रीच दिले होते, त्या पहाटे मला ते फार थोडे वाटले.