नदीला पट्टी आहे, ओढ्याला कुठे?

पावसाळा लागला की सांगली-कोल्हापूरकडचा शेतकरी सकाळी उठून दोनच आकडे विचारतो. आयर्विन पुलाला पाणी किती आणि राजाराम बंधाऱ्याला किती? आयर्विनला ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. राजारामला ३९ आणि ४३. पोरासोरांनाही हे पाठ. पण मंडळी, आपल्या गावच्या ओढ्याला पाणी कुठवर चढले म्हणजे पलीकडच्या वस्तीचा रस्ता तुटतो, हे कोण सांगणार?

नदीचा पूर वरून येतो, तो निदान निरोप देऊन येतो. ओढा तसा नाही. हिशेब करून बघा. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर चार लाख लिटर पाणी. शिवारातले असे शेकडो एकर एकाच मोरीकडे धावतात, आणि मोरीचे नळे काडीकचऱ्याने अर्धे बुजलेले! ओढा अरुंद कोणी केला, हेही विचारायला हरकत नाही. दर साली नांगराचे एक तास पुढे सरकवणारे आपणच.

म्हणून मे महिन्यातच एक दिवस काढा. सरपंच, तलाठी आणि दोन्ही काठांचे खातेदार, सगळ्यांनी गावनकाशा हातात घेऊन ओढा वरपासून खालपर्यंत चालायचा. भांडणे होतील, होऊ द्या. पुरात होण्यापेक्षा बरी. मोरीच्या भिंतीवर रंगाने फुटांच्या खुणा करा, मागचे पाणी जिथवर आले होते तिथे जाड रेघ ओढा. एक सरळ उभ्या भिंतीचा डबा झाड-वळचणीपासून दूर, उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजून वहीत लिहा. मंडळाचे पर्जन्यमापक कधी कधी चार गावे लांब असते. तिथे ६५ मिलिमीटर भरले तर अतिवृष्टी, मग आपल्या शिवारात काही का पडेना. सरकारी दप्तरात तुमच्या डब्याची नोंद लागणार नाही, पण किती पावसाला ओढा कुठवर येतो हे दोन-तीन सालांत गावाला कळेल.

पलूस तालुक्यातले ब्रह्मनाळ आठवते ना? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात लोकांना बाहेर काढताना तिथे बोट उलटली, बायाबापड्या, लेकरे गेली. बोट होती, माणसांची धडपडही होती. पण घर कधी सोडायचे आणि एका फेरीत किती जणांनी बसायचे, हे पाणी अंगणात आल्यावर ठरत नाही.

ते ग्रामसभेत ठरवा. खुणेला पाणी लागले की कोणत्या गल्लीने आधी निघायचे, अंथरुणावरची म्हातारी कोणी उचलायची, जनावरांचे दावे कोणी सोडायचे, सगळे नावानिशी लिहा. यादीची एक प्रत पोलीस पाटलांकडे आणि एक ओढ्यापलीकडच्या वस्तीवर द्या. रस्ता तुटल्यावर ग्रामपंचायतीच्या कपाटातली यादी तिकडच्यांच्या काय कामाची?