गीतसूचीचा प्रश्न : डिलन, रवींद्रनाथ आणि बाउल

गीत हे साहित्य मानावे की नाही, हा वाद जुना आहे. त्याहून अधिक मूलभूत, परंतु अभ्यासकांकडून तुलनेने उपेक्षित राहिलेला प्रश्न गीतांच्या सूचीचा होय. एखाद्या गीतकाराची समग्र रचना एकत्र करावयाची झाल्यास एक गीत म्हणजे नेमके काय धरावे, त्याचा कोणता पाठ प्रमाण मानावा आणि गीतांचा क्रम कशाच्या आधारे लावावा, हे आधी ठरवावे लागते. हा निर्णय वरवर ग्रंथपालाच्या कामासारखा दिसतो. वस्तुतः तो समीक्षेचाच निर्णय असतो. बॉब डिलन या अमेरिकन गीतकार-गायकाची गीते आणि बंगालमधील दोन गीतपरंपरा शेजारी ठेवून पाहिल्यास हे विधान स्पष्ट होते.

ही तुलना केवळ कल्पनेने जुळविलेली नाही. डिलनची ‘जॉन वेस्ली हार्डिंग’ ही ध्वनिमुद्रिका 1967 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. तिच्या वेष्टनावरील छायाचित्रात डिलनसमवेत पूर्णदास आणि लक्ष्मणदास हे दोघे बाउल गायक उभे आहेत. डिलनचे तत्कालीन व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमन यांच्या निमंत्रणावरून हे बाउल अमेरिकेत गेले होते. पुढे कोलकात्यात 1970 च्या दशकात गौतम चट्टोपाध्याय यांच्या ‘महीनेर घोडागुलि’ या गटाने बाउल सुरावट आणि पाश्चात्त्य लोकगीत-रॉक यांचा मेळ घातला. 1992 साली सुमन चट्टोपाध्याय (आताचे कबीर सुमन) यांचा ‘तोमाके चाई’ हा गीतसंग्रह आला आणि गीतकार, संगीतकार व गायक एकच असण्याची रीत आधुनिक बंगाली गीतात नव्याने रुजली. डिलनच्या एका प्रसिद्ध प्रश्नगीताचे त्यांनी केलेले बंगाली रूपही लोकप्रिय आहे.

डिलनच्या गीतसूचीत पहिली अडचण पाठाची आहे. 1975 च्या ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘टँगल्ड अप इन ब्लू’ हे गीत पुढे मैफलींत गाताना त्यांनी शब्द, सर्वनामे व प्रसंगदेखील बदलले. 1984 च्या ‘रिअल लाइव्ह’ मधील त्याचे रूप जवळजवळ नवी रचनाच आहे. 1991 पासून प्रकाशित होत आलेल्या ‘बूटलेग सीरीज’मधून गाळलेली व पर्यायी ध्वनिमुद्रणे उजेडात आली आणि प्रमाण पाठाची कल्पना अधिकच डळमळली. म्हणूनच ख्रिस्तोफर रिक्स, लिसा नेमरो व ज्युली नेमरो यांनी 2014 साली संपादिलेल्या बृहद् संग्रहात पाठभेदांची नोंद करावी लागली. ही शिस्त एरवी प्राचीन ग्रंथांच्या संपादनात आढळते. येथे ती एका हयात गायकाच्या गीतांना लागू झाली आहे.

रवींद्रनाथांचा ‘गीतवितान’ याच्या अगदी उलट आदर्श उभा करतो. त्याची पहिली आवृत्ती 1931–32 मध्ये तीन खंडांत निघाली; तिची मांडणी कालक्रमाला धरून होती. रवींद्रनाथांना ती रुचली नाही. दुसऱ्या आवृत्तीसाठी त्यांनी स्वतः गीते पूजा, स्वदेश, प्रेम, प्रकृती अशा विषयविभागांत लावली. एकट्या पूजा विभागात 617 गीते आहेत, तर स्वदेश विभागात 46. सुराची साथ नसतानाही वाचकाला ही गीते भावकाव्य म्हणून अनुसरता यावीत, हा हेतू त्यांनी नमूद केला आहे. या मांडणीने गीत काळातून उचलले जाऊन भावविश्वात ठेवले जाते. वंगभंगाच्या चळवळीत, 1905 साली, रचलेले गीत स्वदेश विभागात आपले प्रसंगचिन्ह गमावते आणि सार्वकालिक होते. सुरांचे जतन ‘स्वरवितान’च्या खंडांकडे गेले. शब्द एका ग्रंथात आणि स्वर दुसऱ्या ग्रंथमालेत, अशी ही विभागणी आहे.

बाउल परंपरेत तर सूचीच मुळात परकी ठरते. लालन फकिरांची गीते शिष्यांच्या मुखी होती. रवींद्रनाथांनी त्यांतील काही ‘प्रवासी’ मासिकातून 1915 साली छापविली. येथे कर्त्याची ओळख पटते ती अखेरच्या कडव्यातील नाममुद्रेने. परंतु नाममुद्रा हा कर्तृत्वाचा निर्णायक पुरावा नव्हे, हे तुकारामांच्या गाथेच्या अभ्यासकांना वेगळे सांगावयास नको.

सूचीचा संबंध मालकीशीही येतो. डिलन यांनी सहाशेहून अधिक गीतांचे प्रकाशनहक्क 2020 मध्ये युनिव्हर्सल म्युझिकला विकले. रवींद्रनाथांच्या रचनांवरील स्वामित्वहक्क 2001 च्या अखेरीस संपला आणि विश्वभारतीच्या संगीत समितीचे गायनावरील नियंत्रणही त्याबरोबर सरले. बाउलाच्या गीताला विकावयाचा हक्क नाही आणि संपावयाची मुदतही नाही. ज्याची नोंद काटेकोर, त्याचीच मालकी सांगता येते. ज्याची नोंद नाही, ते सर्वांचे असते आणि म्हणूनच कोणीही आपल्या नावावर लावू शकतो.

1913 साली रवींद्रनाथांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे प्रामुख्याने सुरांवाचून इंग्रजी गद्यात उतरलेली ‘गीतांजली’ होती. 2016 साली डिलन यांना ते मिळाले, तेव्हा गौरवपत्रात अमेरिकन गीतपरंपरेचाच स्पष्ट निर्देश होता. एका शतकात गीताला आपला सूर घेऊन साहित्याच्या दारातून आत येता आले, असे यावरून म्हणता येईल.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. या ओव्या विषयवार लावाव्यात, गाणाऱ्या स्त्रीच्या नावाने लावाव्यात की गावाच्या नावाने? विषयवार मांडणीत भावविश्व दिसते, पण गाणारी हरवते. नावाने मांडल्यास ती राहते, पण एकच ओवी दहा गावांत कशी फिरली हे झाकले जाते. एकच सूची हे सारे दाखवू शकत नाही. तेव्हा संपादकाने आपण काय राखले आणि काय सोडले, हे प्रस्तावनेत स्पष्ट सांगणे, एवढी तरी अपेक्षा आपण प्रत्येक गीतसंग्रहाकडून ठेवली पाहिजे.