पैसे परत पाठवताना

सकाळची वेळ. तुळशीला पाणी घालून मी पडवीत येते न येते तोच मोबाइल वाजला. पुण्याच्या एका बाईंचा निरोप होता : "तुमचे कोकम सरबत खारट निघाले. पाहुण्यांपुढे फजिती झाली. माझे पैसे परत करा."

माझे डोकेच भणाणले! वाचकहो, आमचे आरोंदा हे सावंतवाडी तालुक्यातले, अगदी गोव्याच्या हद्दीवरचे गाव. समोर तेरेखोलची खाडी, पलीकडे गोव्यातले किरणपाणी. इथून मी घरची आमसुले, आगळ आणि काजूगर ऑनलाइन विकते. महिन्याकाठी तीस-चाळीस पार्सले जातात. दोनशे रुपयांच्या बाटलीमागे सुटतात जेमतेम पन्नास. एका बाटलीचे पैसे परत करायचे म्हणजे चार बाटल्यांची मेहनत पाण्यात!

"आगळ खारट नसेल तर काय गोड असेल?" असे खरमरीत उत्तर मी लिहायला घेतले. शेजारी सासूबाई सुपात काजू निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "तिका बिचारेक काय म्हायत? तू बाटलेर लिवलंस काय?"

बाटली पाहिली. लेबलावर फक्त 'कोकम आगळ'. आणि विक्रीच्या पानावर चित्र कशाचे? लालचुटुक सरबताच्या पेल्याचे! आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला रातांब्याचा रस, आणि सरबताला लागते ते साखरेत मुरवलेले अमृत कोकम. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळते. पण पुण्याच्या बाईंना कसे कळावे? चूक माझीच होती. पैसे त्याच दिवशी परत केले. फोडलेली बाटली परत मागवण्यात अर्थ नव्हता. ती पुन्हा विकता येत नाही आणि पाठवणीचा खर्च मात्र अंगावर येतो. उलट नारळाच्या रसात आगळ, लसूण, मिरची आणि कोथिंबीर घालून सोलकढी कशी करायची ते बाईंना कळवले. पंधरा दिवसांनी त्यांनी तीन बाटल्या मागवल्या!

या यशाने मला थोडी घमेंड चढली असावी. कारण पुढची तक्रार आली ती नागपूरच्या एका गृहस्थांची. "आमसुलांवर पांढरी बुरशी आहे," एवढेच त्यांनी लिहिले होते. आता आमसुलांवर मीठ फुलते आणि नवखी माणसे त्यालाच बुरशी समजतात, हे मी शंभर वेळा सांगितलेले. तेच उत्तर मी ठोकून दिले : "ती बुरशी नव्हे, मीठ आहे. पैसे परत मिळणार नाहीत." गृहस्थांनी पुन्हा काही लिहिले नाही. मी जिंकले!

गणपतीच्या दिवसांत सासूबाईंनी कढीसाठी त्याच घाण्यातला डबा उघडला, नाकाशी नेला आणि न बोलता माझ्यापुढे सरकवला. कुबट वास! मीठ दाणेदार असते, पाण्यात टाकले की विरघळते. ही मात्र कापसासारखी लव होती. पाऊस लवकर आला म्हणून शेवटची आमसुले मी एक ऊन कमी देऊन भरली होती. "पयलो आपलो डबो बघूक व्हयो, गो," एवढेच त्या म्हणाल्या.

त्या रात्री मला झोप आली नाही. त्या माणसाने खरे सांगितले आणि मी त्याला अडाणी ठरवले. सकाळी पैसे पाठवले, क्षमा मागितली आणि त्या घाण्यातली आमसुले नेलेल्या बाकीच्या गिऱ्हाइकांनाही कळवले. त्या गृहस्थांचे उत्तर आले नाही.

तेव्हापासून मी एक वही घातली आहे. प्रत्येक घाण्याची तारीख तिच्यात असते आणि तोच क्रमांक पुडीवर. तक्रार आली की फोटो मागते, पण लेबल दिसेल असा आणि गोड शब्दांत. मग आधी आपला डबा उघडते. चूक माझी असेल तर पाठवणीसकट सारे पैसे. बाटली वाटेत फुटली तर भांडण वाहतूकवाल्याशी. गिऱ्हाइकाने त्यात का भरडावे? पार्सल बांधताना काढलेला फोटो तिथे कामी येतो. नुसती चव आवडली नाही, तर नम्रपणे नकार. पण ही अट विकण्याआधी लिहिलेली हवी.

कायदाही वेगळे सांगत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या वर्णनाशी जुळत नसेल, तर विक्रेत्याला पैसे नाकारता येत नाहीत. मोठ्या ऑनलाइन बाजारात विकणाऱ्याने तक्रार अधिकारी नेमावा, त्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निकाल लावावा, असेही त्यांत आहे. आमच्या घरी हे अधिकारपद अर्थातच माझ्याकडे. 'हे' फक्त खोकी बांधतात!

लबाड माणसेही भेटतात. "चुकून दोन हजार जास्त पाठवले, ताबडतोब परत करा," असे म्हणत एकाने पावतीचे चित्र पाठवले. मी बँकेचे खाते पाहिले. एक पैसा जमा नव्हता. चित्रावर नव्हे, खात्यावर विश्वास ठेवावा. आणि पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत पाठवावेत, म्हणजे दोनदा द्यायची पाळी येत नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही, हेही घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावे. पण एका लबाडापायी दहा भल्या माणसांना लबाड समजू नये, हे मी नागपूरकडून शिकले.

सासूबाई म्हणतात, त्यांच्या वेळी माल व्ही. पी. ने जायचा, गिऱ्हाइकाने नाकारला की टपालखर्च डोक्यावर बसून पार्सल घरी परत यायचे. आता पार्सल येत नाही, निरोप येतो. दिवाळीची पार्सले काल रवाना झाली. प्रत्येक डबा बांधण्याआधी मी उघडून हुंगला. वहीत मात्र नागपूरच्या त्या नावापुढे, 'पुन्हा मागणी' या रकान्यात, अजून काही लिहिता आलेले नाही.