लाइव्ह रॉक : भिंत नको, पोकळी हवी

घरात साठ लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मांडायची ठरली, की पहिला प्रश्न असतो तो लाइव्ह रॉक, म्हणजे टाकीतला जिवंत दगड, किती किलो घ्यायचा हा. त्याचं ठरलेलं उत्तरही असतं : गॅलनला एक ते दोन पौंड, म्हणजे लिटरमागे साधारण १२० ते २४० ग्रॅम. हा अमेरिकी हिशेब वर्षानुवर्षं तसाच पुढे सरकत आला आहे. साठ लिटरला तो लावला तर चौदा किलोपर्यंत दगड भरावा लागेल आणि माशाला पोहायला जागा उरणार नाही. मुळात वजन हे मोजमापच इथे चुकीचं आहे. घट्ट, जड दगडाचे पाच किलो आणि जाळीदार, हलक्या दगडाचे पाच किलो यांच्या कामात मोठा फरक पडतो.

तो का पडतो, हे दगडात जिवंत काय असतं त्यावरून कळतं. दगड स्वतः मेलेल्या प्रवाळांचा सांगाडा असतो, कॅल्शियम कार्बोनेटचा. जिवंत असतात ते त्यावर आणि त्याच्या छिद्रांत राहणारे जीवाणू. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. पृष्ठभागावरचे जीवाणू ऑक्सिजनच्या मदतीने त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. खोल छिद्रांत ऑक्सिजन पोचत नाही. तिथले वेगळे जीवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू बनवतात आणि तो पाण्यातून निघून जातो. ही सगळी कामं व्हायची तर पाणी दगडाशी येत-जात राहायला हवं. जकार्तातल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपल्या टाक्यांची पद्धत जगासमोर मांडली, तेव्हा त्यांची भिस्त दोनच गोष्टींवर होती : समुद्रातले जिवंत दगड आणि पाणी हलतं ठेवणारे हवेचे बुडबुडे.

म्हणूनच मांडणीतला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज भिंतीचा आहे. कोकणात गडगा रचतात तसे दगड एकमेकांत बसवत, मागच्या काचेला टेकवून वरपर्यंत चढवायचे, ही जुनी पद्धत. ती भरगच्च दिसते, पण त्या भिंतीच्या मागे पाणी साचून राहतं. तिथे गाळ बसतो, तो कुजतो, नायट्रेट वाढतं आणि तिथपर्यंत ना हात पोचतो ना सायफनची नळी. छोट्या टाकीत पाणीच कमी, त्यामुळे त्याचा परिणाम लवकर दिसतो.

त्यापेक्षा चारही काचांपासून चार-पाच सेंटिमीटर अंतर सोडावं. काच घासायचं चुंबक तिथून फिरलं पाहिजे. दोन वेगळ्या उंचीचे ढीग करावेत, त्यांच्यामधली दरी मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवावी आणि पॉवरहेडचा, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाचा, झोत त्या दरीतून जाईल असा लावावा. दगड तीन बिंदूंवर टेकला की डगमगत नाही. कमान किंवा पुढे आलेला कठडा हवा असेल, तर जेलसारखा सायनोअॅक्रिलेट गोंद आणि इपॉक्सी पुटी वापरता येते, दोन्ही पाण्यात चालतात. इपॉक्सी ताजी असताना स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) एक-दोन दिवस जास्त फेसाळतो, त्याने घाबरू नये. वरचा भाग जरा मोकळाच ठेवावा, कारण पुढे लावलेले प्रवाळ वाढतात आणि शेजाऱ्याला डंखही मारतात.

आधी वाळू अंथरून तिच्यावर दगड ठेवला की काच सुरक्षित राहते, असंही बरेच जण मानतात. पण काचेला खरा धोका असतो तो घसरून पडणाऱ्या दगडाचा. गोबी मासा आणि पिस्तूल कोळंबी दगडाखालची वाळू उकरतात आणि ढीग खचतो. म्हणून सपाट बुडाचे दगड आधी थेट तळावर बसवावेत आणि वाळू त्यांच्याभोवती नंतर ओतावी.

जांभळा दगड म्हणजे जिवंत दगड, हा समज दुकानांत फार पक्का आहे. तो जांभळा थर कोरलाइन शैवालाचा असतो. ते स्थिर कॅल्शियम आणि क्षारता असलेल्या पाण्यात सावकाश, काही महिन्यांत पसरतं. जीवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, तेव्हा फिका दगडही पूर्ण कामाचा असू शकतो. जांभळा रंग दिलेले दगडही विकले जातात. दगड आपोआप पीएच आणि कॅल्शियम सांभाळतो, हेही खरं नाही. टाकीचा पीएच आठच्या वर असताना तो जवळजवळ विरघळतच नाही. दगडाबरोबर येणारे केसाळ ब्रिसलवर्म बहुतेक वेळा उरलंसुरलं खाणारे, उपयोगी असतात. एप्टेशिया नावाचं डंख मारणारं, भराभर पसरणारं समुद्रफूल मात्र दिसताक्षणी काढावं.

आता आपल्या किनाऱ्याविषयी. मालवणच्या आसपास आणि विजयदुर्गपासून दूर समुद्रात अंग्रिया बँक या पाण्याखालच्या उंचवट्यावर खरी प्रवाळं आहेत, मग तिथला एखादा तुकडा आणला तर काय बिघडलं, असं काहींना वाटतं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारी सर्व प्रवाळं आहेत. त्यांचा मेलेला सांगाडा उचलणंही गुन्हाच ठरतो, आणि तो तुकडा तिथे असंख्य जीवांचं घर असतो. किनाऱ्यावरचा जांभा दगड आणला तर त्यात लोह भरपूर असतं आणि तो झिजतो, त्यामुळे तोही नको.

कृत्रिम, सच्छिद्र कोरडा दगड हा यावरचा चांगला मार्ग आहे. ‘कोरड्या दगडात जीव येत नाही’ या समजाला आधार नाही. बाटलीतले जीवाणू किंवा चालू टाकीतला एखादा लहान दगड आत टाकावा आणि अमोनियाचा थोडा स्रोत द्यावा, की साधारण चार ते सहा आठवड्यांत जीवाणू बसतात. मधल्या काळात तपकिरी डायटमचा थर येतो आणि बहुधा आपणच ओसरतो, त्यासाठी दगड बाहेर काढून घासू नये. टाकलेला अमोनिया एका दिवसात नाहीसा होऊन चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की पाण्याचा मोठा भाग बदलावा आणि पहिला मासा आणावा, एकच.